ताटासकट

रत्नम्मा नवी नवरी होऊन मुखेडला आली, त्याच महिन्यात तिनं दाराआडून एक भांडण ऐकलं. सासरा गुंडप्पा जेवून उठायच्या आधी ताट बोटानं निपटायचा, मग त्यात पेलाभर पाणी ओतून ताट धुवायचा आणि ते पाणी पिऊन टाकायचा. लिंगायताच्या घरात जुनी माणसं असंच करत. अन्न म्हणजे प्रसाद, त्यातला कण वाया जाऊ नये. पण गुंडप्पाचं निपटणं असं जबर, की सासू पार्वतम्मानं त्याच्या उष्ट्या ताटात तोंड बघून कुंकू लावावं. त्या दिवशी ती चिडली होती. मांजरीला एक शीत मिळत नाही, म्हशीच्या आंबोणात टाकायला धुवण उरत नाही, असला कसला धर्म, असं तिचं चाललं होतं.

"मांजरीसाठी लिंग न्हाई बांधलं मी गळ्यात," गुंडप्पा म्हणाला.

"मग ताट तरी कशाला ठेवता मागं? ते बी खाऊन टाका."

"दात असते तर खाल्लं असतं."

रत्नम्मानं पदर तोंडात कोंबला. नव्या सुनेनं सासऱ्याला हसायचं नसतं. पण त्या घरात तिला पहिल्यांदा कुठली गोष्ट आवडली असेल तर ती हे भांडण.

पुढं सासू-सासरे गेले, नवरा गुरुबसप्पा किराणा दुकान चालवत चालवत गेला, दुकान भाड्यानं गेलं आणि रत्नम्मा उरली. तिचा हात मात्र एकट्या उरलेल्या माणसाचा नव्हता. रोज खाणाऱ्यांपेक्षा चार भाकरी जास्त थापायची, आणि त्या खायला कोणी ना कोणी यायचंच. टपालवाला यायचा, कासार यायचा, रस्ता चुकलेला वऱ्हाडी यायचा. एकदा एक माणूस तिचं कुलूप फोडायला आला, पिठलं-भाकरी खाल्ली आणि कुलूप जागच्या जागी लावून गेला, असं गल्लीत अजून सांगतात. रत्नम्मा म्हणायची, तो चोर नव्हता, नुसता उपाशी होता. माझ्या उंबऱ्यावरून उपाशी कोणी गेलेलं नाही, एवढा एकच तोरा तिला होता, पण तो होता मात्र भरपूर.

आणि एक नेम होता. बेकरीची वस्तू तिनं जन्मात तोंडात घातली नव्हती. चहात बुडवायला बिस्कीट नाही, आजारपणात पाव नाही. भट्टीत कधी ना कधी अंडं गेलेलं असतं आणि भट्टी काही अंघोळ करत नाही, असं तिचं म्हणणं.

शेजारी लातूरचा नवा जिल्हा झाला, तेव्हा मुखेड नांदेडातच राहिलं. शेजारच्या घरी लग्न आणि आपल्या घरी नुसता धूर, तसं मुखेडकरांना वाटलं. तरी रत्नम्माच्या मुलाला, मन्मथला, त्या नव्या जिल्ह्यात एका साहेबाच्या हाताखाली नोकरी लागली. तो बायको उमाला घेऊन लातूरला राहायला गेला, आणि लातुरातच त्यांना मुलगी झाली, महानंदा. सगळे तिला नंदी म्हणत.

मग पाऊस रुसला. एक साल रुसला, तेव्हा लोकांनी समजूत काढली. दुसऱ्या साली रुसला, तेव्हा लोकच रुसले. संक्रांत झाली न झाली तोच मुखेडात टँकर सुरू झाला. लातुरात त्याहून वाईट होतं, आणि तशात उमाचे दुसऱ्या बाळंतपणाचे दिवस भरत आलेले. डॉक्टरनं तिला अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलेलं. दोन वर्षांच्या नंदीला कोण बघणार, यावर दोन आज्ज्यांत ओढाताण झाली. उमाची आई शांतम्मा धर्माबादची, आडत्याच्या घरची, हौद असलेल्या घरातली. तिचं म्हणणं, पोर माझ्याकडं द्या, माझ्याकडं पाणी तरी आहे. मन्मथनं मधला मार्ग काढला. नंदीला आधी मुखेडला ठेवू, पुढच्या बाजाराच्या दिवशी शांतम्मानं येऊन बघावं, पोर रुळली नसेल तर घेऊन जावं.

मन्मथ सकाळच्या बसनं आला, पोरगी रत्नम्माच्या मांडीवर ठेवली आणि त्याच बसनं परत गेला.

आणि नंदीनं खायचं बंद केलं.

दूध तेवढं प्यायची. मऊ भात दिला, थुंकला. तूप-मेतकूट दिलं, तेही थुंकलं. धपाटं दिलं, ते मांजरीला दिलं. रत्नम्मानं गूळ-तूप-पोळीचा मलिदा केला, ज्याला आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. नंदीनं तो कपाळाला फासला. आणि हे सगळं करताना ती एकच शब्द म्हणायची, "टाट."

रत्नम्माला वाटलं, ताट. लेकरू ताटात मागतंय, आपण वाटीत देतोय. तिनं ताट मांडलं. नंदीनं ताट दोन्ही हातांनी उचललं, कडेला कडकडून चावली आणि भोकाड पसरलं. स्टीलचं नको असेल म्हणून पितळेचं दिलं. त्यालाही चावली, आणखी मोठ्यानं रडली. केळीचं पान मांडलं, तेव्हा मात्र तिनं रत्नम्माकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू ही बाई आपली थट्टाच करतीय.

शेजारची मंजुळाबाई म्हणाली, ताट नाही, टाट म्हणतीय, गोणपाट. लातुरात पोरं गोणपाटावर निजवत असतील. गोणपाट आणलं. नंदी त्यावर बसली आणि त्याचा कोपरा चघळत रडली. समोरचा ग्यानोबा म्हणाला, दोघीबी येड्या हाव, लेकरू टाटा करतंय, तुम्ही तिला टाटा करा. मग सगळी गल्ली ओट्यावर उभी राहून नंदीला हात हलवू लागली. नंदीनंही हात हलवला. शहाण्या लेकरासारखा सगळ्यांना हलवला, आणि मग म्हणाली, "टाट."

ग्यानोबानं हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा तो पोरीला कडेवर घेऊन घागरींच्या रांगेत पुढं घुसला. टँकर टाटाचा होता. त्यानं नंदीला टँकरच्या नाकावर बसवलं आणि म्हणाला, घे बाई तुझी टाटा. नंदीनं टँकरला जीभ लावून बघितली. मग तोंड वाकडं केलं. ग्यानोबाला नंबर सोडून पुढं आल्याबद्दल बायांच्या शिव्या बसल्या त्या वेगळ्याच.

बाजाराचा दिवस जवळ येत होता. पोरीचे गाल उतरले होते, आणि रत्नम्माच्या तोऱ्याचे त्याहून उतरले होते. तिला रात्री झोप लागेना. पोर धर्माबादला गेली असती तर कोणी मरणार नव्हतं. पण पोर तिच्या उंबऱ्यावरून उपाशी गेली असती.

शेवटी तिनं लातूरच्या गाडीचा कंडक्टर सटवाजी गाठला. मन्मथला विचार, म्हणाली, टाट म्हणजे काय, आणि उद्या येताना उत्तर घेऊन ये. सटवाजीनं निरोप पोचवला आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर उतरल्या उतरल्या, पन्नास माणसांसमोर, उत्तर सांगितलं.

"अम्मा, त्या सायबाच्या बायकोनं केल्तं म्हणं. मैद्याचं ताट अस्तंय. भट्टीत भाजत्यात. वर फळं ठेवायची आन् ताटासकट खायाचं."

"ताटासकट?"

"ताटासकट. धुवायचं कामच न्हाई."

हे शेवटचं वाक्य सटवाजीनं स्वतःच्या पदरचं घातलं होतं, पण गावानं तेच धरलं. दुपारपर्यंत मुखेडात सगळ्यांना कळलं होतं, की लातूरच्या लोकांनी दुष्काळावर इलाज काढला. तिथं आता ताटं धूत नाहीत, खातात. संध्याकाळपर्यंत त्यात भर पडली, की वाट्या पण निघाल्यात आणि तांब्याचं काम चालू आहे. नवा जिल्हा म्हणून त्यांचे लाड, आपल्याला नुसतं पाणी, तेही दिवसाआड, असं बाया टँकरपाशी बोलू लागल्या. कोणी तरी ड्रायव्हरलाच विचारलं, आमची ताटं कधी येणार. ड्रायव्हर वैतागलेला होता. तो म्हणाला, मी पाणी आणतो, ताटं दुसऱ्या गाडीत येत असतील. झालं. दुसऱ्या दिवशी काही जण दुसऱ्या गाडीची वाट बघत रांग धरून बसले.

रत्नम्मानं रांग धरली नाही. सासऱ्याच्या मनातलं ताट आलं की शेवटी, एवढंच ती स्वतःशी म्हणाली आणि डब्यातला मैदा मोजायला लागली. उद्या बाजार होता. शांतम्मा दुपारच्या गाडीनं येणार होती.

सकाळी तिनं परातीत मैदा घेतला, तूप घेतलं, पिठीसाखर घेतली. गल्लीतल्या बाया दिवाळीला घरून सामान नेऊन खाजामियाँच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायच्या, त्यांचं मळणं तिनं बघितलं होतं. नंदी परातीपाशी येऊन बसली. हात घालू नको म्हणायच्या आत तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. मग रत्नम्मा मळत होती आणि नंदी उलट मळत होती. रत्नम्मानं गोळा केला की नंदी त्यावर थाप मारायची. गोळा चपटा झाला की पुन्हा गोळा कर म्हणून रडायची. पाण्याचा थेंब मोजून टाकला होता, तेव्हा पीठ फुटत होतं. नंदी त्यावर थुंकली. रत्नम्मा म्हणाली, "एवढं तरी पाणी हाय की घरात," आणि तेवढा भाग काढून मांजरीला टाकला.

थाळीला तूप लावून तिनं पोळी पसरली, कडा वर उचलल्या, आणि कडेला बोटानं चिमटून करंजीसारखी मुरड घातली. नंदीला ते करायचं होतं. तिला चिमटा येत नव्हता, भोकं पाडता येत होती. तिनं ताटाच्या बुडाला बोटानं भोकं पाडली, इकडून तिकडं, जिथं जागा दिसेल तिथं. रत्नम्माला वाटलं, गेलं ताट कामातून, रस गळून जाईल. पण बुजवायला पीठ उरलं नव्हतं.

फळांचं अवघड होतं. बाजार दुपारी भरणार. घरात दोन केळी, मंजुळाबाईनं दिलेली अर्धी पपई आणि ग्यानोबाच्या शेतातली बोरं. पाणी नसलं तरी बोरीला त्याचं काही नसतं, तिला बोरं लागतातच. रत्नम्मा बिया काढत होती आणि नंदी बोरं चावून परत ठेवत होती. गिळत नव्हती. शबरीनं निदान रामासाठी चाखली होती. ही कोणासाठी चाखत होती कोण जाणे.

आता ते मांडायचं कसं, हे सटवाजीनं सांगितलं नव्हतं. पण ताट कसं वाढतात हे रत्नम्माला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं वरच्या अंगाला मधोमध चिमूटभर मीठ ठेवलं. मिठाच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, तिच्या खाली शेंगदाण्याची चटणी. उजवीकडं, भाजीच्या जागी, पपई आणि बोरं. मध्ये, भाताच्या जागी, केळी कुस्करून त्याची मूद केली. मिठाशिवाय ताट मांडायला ते काय सुतकाचं घर होतं?

मग ती थाळी पदराखाली घेऊन आणि नंदीला कडेवर घेऊन ती जन्मात पहिल्यांदा बेकरीची पायरी चढली. खाजामियाँ बघतच राहिला. तिनं आधी अट घातली, की भट्टी झाडून घ्यायची, माझी थाळी एकटी जाईल, तिच्या शेजारी दुसरं काही नको. आणि अंड्याचं विचारलं. खाजामियाँ म्हणाला, या अकालात कोंबड्याच पाण्याला महाग झाल्यात, अंडं कुठलं घालतात. मग त्यानं थाळीवरचं फडकं उचललं आणि वाकून बघितलं.

"अम्मा, ये नमक कायकू?"

"ताट हाय ते."

"और चटनी?"

"ताट हाय म्हणलं ना."

त्यानं थाळी लांब दांड्याच्या फळीवर ठेवून आत सरकवली. नंदी भट्टीच्या तोंडाकडं बघत होती. आतून तुपाचा वास यायला लागला, तशी ती हळूच म्हणाली, "टाट." पहिल्यांदाच रडून नाही, ओळखीच्या माणसाचं नाव घ्यावं तसं म्हणाली. रत्नम्मा तिथल्याच मैद्याच्या पोत्यावर बसली.

घरी आली तर ओट्यावर शांतम्मा बसलेली. गाडी कधी नव्हे ती लवकर आली होती. तिनं नातीचे गाल बघितले आणि तोंडानं च् केलं. पोरीचे कपडे कुठं आहेत, एवढंच विचारलं. पाठीमागं मंजुळाबाई, ग्यानोबा आणि दुसऱ्या गाडीच्या रांगेतले बरेच लोक येऊन उभे राहिले, कारण ताट आलं अशी बातमी पसरली होती.

रत्नम्मानं थाळी जमिनीवर ठेवली. ताट खरंच ताट झालं होतं. कडा खरपूस, बूड टणक, नंदीच्या भोकांमुळं कुठं फुगलेलं नाही. केळ्याची मूद काळवंडली होती, चटणी करपली होती, मीठ तेवढं होतं तिथं होतं.

"हे काय मांडलंय, विहीणबाई?" शांतम्मा म्हणाली.

"ताट. हे खात्यात आता. धर्माबादला आलं न्हाई वाटतं अजून."

कोणी हसलं नाही. सगळे नंदीकडं बघत होते. नंदी थाळीपाशी उकिडवी बसली. लिंबाची फोड उचलली, चाटली, अंग शहारलं, परत ठेवली. बोरं निवडून बाजूला केली. मग कडेची मुरड धरून जोर लावला. कड मोडली. तुकडा हातात घेऊन ती उठली, आणि स्वतःच्या तोंडाऐवजी रत्नम्माच्या तोंडापाशी नेला.

"अम्मा टाट."

रत्नम्मानं मान मागं घेतली. नंदीनं तुकडा पुढं केला. लातूरला साहेबाच्या बायकोनं एक घास आपण खाल्ला असेल आणि एक हिला दिला असेल, म्हणून पोरीच्या मते हे असंच खातात, मोठ्यानं आधी खायचं. रत्नम्मानं तिला समजावलं, तू खा, मला भूक नाही. नंदीचा ओठ थरथरायला लागला. तुकडा खाली यायला लागला. शांतम्मानं पोरीचं झबलं घडी करायला घेतलं होतं, ते तिनं मांडीवर ठेवलं.

खाजामियाँची भट्टी किती वर्षांची होती, आणि तिच्यात आजवर काय काय भाजलं गेलं होतं, हे रत्नम्माला त्या क्षणी एका दमात आठवलं असेल. तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

चावायला वेळ लागला. सगळा जमाव तिच्या जबड्याकडं बघत होता.

"मीठ जास्त झालं," ती म्हणाली.

नंदीनं उरलेला तुकडा आपल्या तोंडात घातला. तिच्या दाढा येत होत्या, आणि ते बूड असं टणक होतं की दाढेला हवंच होतं ते. ती कुरकुर आवाज करत खात राहिली. एक कड संपली, दुसरी मोडली. मग तिनं शांतम्माला एक तुकडा दिला. शांतम्मा शिकल्यासवरल्या घरातली, तिनं तो पदरात झाकून ठेवला. नंदी तिच्यापुढं उभी राहिली ती हलेना. शेवटी धर्माबादच्या विहिणीनंही मुखेडात बसून ताट खाल्लं. ग्यानोबाला चटणीचा भाग आला, त्यानं तो आवडीनं खाल्ला आणि म्हणाला, लातूरवाल्यांना डोकं आहे, पण भाकरीएवढं पोट भरत नाही, सरकारला कळवायला पाहिजे.

शांतम्मा दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेली. जाताना तिनं पपई, चिकू, मैदा पाठवीन म्हणून सांगितलं आणि पाठवलं. नंदी ताटाच्या नादानं भातावर आली, भातावरून भाकरीवर आली, आणि उमाला मुलगा होऊन दोन महिने झाले तेव्हा कुठं गुबगुबीत होऊन लातूरला गेली. रत्नम्मानं पुढं ताटं बरीच केली. मीठ, लिंबू, चटणी तिनं कधी सोडली नाही. उमानं एकदा सांगून बघितलं, की आत्ती, ते ताट नव्हे, त्याला टार्ट म्हणतात, त्यात चटणी नसते. रत्नम्मा म्हणाली, म्हणूनच लेकरू ते सोडून माझं खायला लागलं. बेकरीचं बाकी काही तिनं शेवटपर्यंत खाल्लं नाही. नेम मोडला नव्हता, ती म्हणायची, जरा बाजूला ठेवला होता.

पाऊस पुन्हा आला, गेला, पुन्हा आला. मन्मथची बदली निलंग्याला झाली. नंदी दहावी झाली, आणि विज्ञानाला म्हणून लातुरात चार मुलींबरोबर खोली घेऊन राहिली. खानावळीचं तिला जाईना. उमा म्हणाली, होईल सवय. रत्नम्मानं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुखेडहून एसटीनं डबा सुरू केला. बाकीच्या गावांची माणसं पोरांना डबे पाठवतच होती, गाडीत नुसते डबेच डबे असायचे. रत्नम्माचे हात तोवर थरथरायला लागले होते. मंजुळाबाईची सून म्हणायची, अम्मा, द्या, मी नेऊन देते. ती कधी देत नसे.

माघातल्या एका सकाळीही दिला नाही. त्या दिवशी दुपारी रत्नम्मा ओट्यावर टेकली ती उठलीच नाही, पण ते दुपारी. सकाळी तिनं भाकरी थापल्या, मेथी परतली, वरणाचं झाकण फडक्यानं बांधलं आणि पहिल्या गाडीच्या आधी स्टँडवर येऊन उभी राहिली. ड्रायव्हर नवा होता. तिनं त्याला विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, एवढ्या सकाळी कोण जेवतं. मग तिनं डबा त्याच्या सीटमागं उभा ठेवला, बाजूच्या डब्यांना ढकलून जागा केली, आणि इंजिनाच्या झाकणावर ठेवू नको, वरण आंबतं, असं बजावलं. पिशवीतून एक जादाची भाकरी काढून त्याच्या हातात दिली. ड्रायव्हरनं ती मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू केली.